थंडीत तेल थिजतं तेव्हा



डिसेंबर २०१८ चा शेवटचा आठवडा विदर्भातल्या माणसांना आठवत असेल. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आमच्या नागभीडकडे एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. तिथंही लोक संध्याकाळी सहालाच शेकोट्या पेटवून बसत होते. त्याच आठवड्यातली एक रात्र आज तुम्हाला सांगायची आहे. विषय तसा कवीचा नाही. विषय आहे डिझेल आणि बायोडिझेल थंडीत का थिजतं, आणि ते वाहतं कसं ठेवायचं. पण त्या रात्री हा विषय माझ्या मांडीवर येऊन बसला, अगदी खरोखर बसला, म्हणून बोलतो आहे.

नागभीडजवळच्या एका खेड्यात माझ्या शाळासोबत्याचं घर आहे. त्या दिवशी मी तिथंच मुक्कामाला होतो. रात्री अकराच्या सुमारास त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, दिवसही पुरते भरलेले नव्हते. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन लांब गेलेली. गावात एक जुनी जीप होती, ती काढली. मागे सून, तिचा नवरा आणि सोबत्याची आई. या माउलीला मीही लहानपणापासून ‘माय’च म्हणतो. पुढे गाडी चालवणारा पोरगा आणि मी. नागभीडहून ब्रह्मपुरीला न्यायचं ठरलं. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. एरवी अर्ध्या तासाचा रस्ता.

निम्मा रस्ता गेला असेल-नसेल, गाडी आचके देऊ लागली. पोरानं गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकत शंभर पावलं गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, अर्धा मिनिट चालली, पुन्हा बंद. पोरगा म्हणाला, “चाचा, एअर घेतला वाटतं.” डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी अशीच बंद पडते, हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक असतं. त्यानं बॉनेट उघडलं, हातपंप मारून पाहिला, पण तेल पुढे सरकेना. शेवटी त्यानं फिल्टर खोलला. मी टॉर्च धरला होता. फिल्टरच्या भांड्यात तेल दिसेना. दिसत होता पांढरट, पिवळसर लगदा. थंडीत डब्यात गोठलेल्या तुपासारखा.

आम्ही दोघं बघतच राहिलो. मागून माय उतरून आली. तिनं त्या लगद्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, “अरे बाबू, हे त गोठलं हाये. टोळीच्या तेलावानी.”

मोहाच्या बियांना आमच्या भागात कुठे टोळी म्हणतात, कुठे टोळंबी. त्यांचं घाणीवर काढलेलं तेल कित्येक घरांत वर्षभर असतं. दिव्याला, अंगाला, भेगाळलेल्या टाचांना, कुठे कुठे स्वयंपाकालाही. उन्हाळ्यात ते तेल असतं आणि हिवाळ्यात त्याचं लोणी होतं. बाटलीतून ओतायचं तर आधी चुलीजवळ ठेवावी लागते. मायला हे ठाऊक होतं. त्या पोराला गाडीचं सगळं ठाऊक होतं, पण गाडीत काय भरलं आहे तेवढं ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या एका टाकीवरून त्यानं ‘बायोडिझेल’ भरून आणलं होतं. पंपापेक्षा स्वस्त मिळालं. पावती नव्हती, आणि ते कशापासून केलं आहे हे कुठे लिहिलेलंही नव्हतं.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर शेतात एक शेकोटी दिसली. रानडुकरांपासून हरभरा राखायला एक शेतकरी बसला होता. त्याच्याकडे गरम पाणी मिळालं. आणि झोपडीत मोटरपंपाच्या इंजिनासाठी ठेवलेली पाच लिटरची डिझेलची कॅन मिळाली. पोरानं त्यातलं डिझेल एका बाटलीत घेऊन टॉर्चसमोर धरलं. आरपार दिसत होतं. मग त्यानं गरम पाण्यात फडकं भिजवून फिल्टर शेकला, धुतला, चांगल्या डिझेलनं भरला. टाकीची नळी काढून टाकली आणि दुसरी नळी सरळ त्या कॅनमध्ये सोडली. कॅन ठेवायची कुठे? माझ्या मांडीवर. मायनं आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्या कॅनभोवती गुंडाळली. असे आम्ही निघालो. मांडीवर डिझेल घेऊन बसणं शहाणपणाचं नव्हे, कुणी तसं करू नये, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण त्या वेळी दुसरा उपाय नव्हता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वा तास वाया गेला होता. मुलगी झाली. जन्मल्यावर ती लगेच रडली नाही. डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी जे करायचं ते केलं, आणि काही मिनिटांनी तिचा आवाज बाहेर आला. नंतर आठ दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आज ती शाळेत जाते. पण तो सव्वा तास माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे जे विचारलं, वाचलं, मेकॅनिकांच्या शेजारी बसून ऐकलं, ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. पाणी शून्य अंशावर एकदम बर्फ होतं. डिझेल हे मात्र अनेक प्रकारच्या तेलकट द्रव्यांचं मिश्रण. त्यात मेणही असतं, जमिनीतून निघालेलं पॅराफिन मेण. उबेत ते विरघळून राहतं, दिसत नाही. थंडी वाढली की त्याचे बारीक बारीक कण तयार होतात आणि डिझेल धुरकट दिसू लागतं. आणखी थंडी पडली की हे कण एकमेकांना चिकटतात. गाडीच्या फिल्टरची छिद्रं आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान असतात. मेणाचे कण तिथं अडकतात आणि फिल्टर लिंपल्यासारखा बंद होतो. टाकीतलं तेल अजून पातळ असतं, हलवलं तर डुचमळतं, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. म्हणून गाडी सुरू होते आणि थोडं चालून थांबते. टाकीतलं तेल पूर्ण थिजण्याची पाळी त्याच्याही पुढची.

याचा अर्थ असा की डिझेलला तीन पायऱ्या असतात. आधी ते धुरकट होतं, मग फिल्टर अडतो, मग ते वाहायचंच थांबतं. तेलशुद्धीकरण कारखान्यांना हे ठाऊक असतं. म्हणून आपल्या भारतीय मानकात डिझेलचा उन्हाळी आणि हिवाळी असा भेद केलेला आहे. उन्हाळी डिझेलनं १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळणाऱ्या हिवाळी डिझेलनं ६ अंशांपर्यंत.

यातली मेख शेतकरी बांधवांनी लक्षात घ्यावी. ऑक्टोबरात धानाच्या मळणीसाठी ड्रमभर डिझेल आणून ठेवलं, त्यातलं निम्मं उरलं आणि जानेवारीच्या पहाटे रब्बीला पाणी द्यायला तेच इंजिनात ओतलं, तर ते उन्हाळी डिझेल आहे. पारा सात-आठ अंशांवर असेल तर ते अडू शकतं. दोष इंजिनाचा नाही, पंपवाल्याचाही नाही. ऋतू बदलला आणि ड्रममधलं तेल जुन्याच ऋतूत राहिलं, एवढंच.

आता बायोडिझेलकडे येऊ. करंज, मोह, मोगली एरंड म्हणजे जट्रोफा, पाम, किंवा हॉटेलात तळून उरलेलं तेल, यांपैकी कुठलंही तेल घ्यायचं. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तशीच दुसरी अल्कली मिसळून तापवायचं. तळाशी ग्लिसरीन बसतं आणि वर जे पातळ तेल राहतं ते धुऊन स्वच्छ केलं की बायोडिझेल. वनस्पतीच्या तेलावर इंजिन चालतं ही गोष्टही नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

पण एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. तेलाचं बायोडिझेल केलं तरी मूळ तेलाचा स्वभाव त्यातून जात नाही. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला मी हे बांबूच्या उदाहरणानं सांगतो. सरळ बांबू एकावर एक रचले की घट्ट मोळी बांधता येते. वाकड्या फांद्यांची तशी मोळी बांधून पाहा. कितीही आवळली तरी मध्ये फटी राहतात. तेलाच्या रेणूंचंही तसंच असतं. काही सरळ असतात, त्यांना संपृक्त म्हणतात. ते थोड्याशा थंडीतही एकमेकांना खेटून मोळी बांधतात, म्हणजेच थिजतात. काही मध्ये वाकलेले असतात. ते सहजासहजी मोळीत येत नाहीत, म्हणून थंडीतही पातळ राहतात. पाम तेलात आणि प्राण्यांच्या चरबीत असणारे पामिटिक आणि स्टिअरिक हे सरळ जातीचे. त्यांची शुद्ध बायोडिझेलं साधारण ३० आणि ३९ अंशांनाच घट्ट होतात. ओलेइक हे वाकड्या जातीचं, त्याचं बायोडिझेल शून्याखाली २० अंशांपर्यंत पातळ राहतं. प्रत्येक तेलात या सगळ्यांचं मिश्रण असतं. मोहाच्या तेलात जवळजवळ निम्मा वाटा सरळ जातीचा, म्हणून माय म्हणते तसं ते हिवाळ्यात लोण्यासारखं होतं. करंजाच्या तेलात वाकड्या जातीचा वाटा मोठा, म्हणून ते मोहापेक्षा जास्त थंडी सोसतं. पामपासून केलेलं बायोडिझेल १३-१४ अंशांवरच धुरकट होऊ लागतं. आमच्या जीपमध्ये होतं ते असलंच काहीतरी असणार, आणि तेही बहुधा नीट न धुतलेलं. ग्लिसरीनचा अंश मागे राहिला की त्याचाही साका फिल्टरमध्ये बसतो.

मित्रहो, आमच्या भागानं बायोडिझेलचं स्वप्नही पाहिलेलं आहे. आम्ही नागभीडकर रेल्वेजंक्शनचे लोक. कोळशाचं इंजिन जाऊन डिझेलचं आलेलं माझ्या पिढीनं पाहिलं. नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर ती डिझेलवरच धावत होती. त्यामुळे ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली, ही बातमी आमच्याकडे चवीनं वाचली गेली. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीनं जट्रोफाच्या लागवडीचा मोठा कार्यक्रम सुचवला. राष्ट्रपती अब्दुल कलाम आपल्या भाषणांतून त्याचा पुरस्कार करत होते. पडीक जमिनीवर एरंड लावा, तेल पिकवा, असं वारं वाहिलं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. ते गाठता आलं नाही. पडीक जमिनीत झाडं जगली, पण पोटापुरतं बी देईनात. २०१८ च्या नव्या धोरणानं डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलं आणि त्यासाठी २०३० ची मुदत दिली. स्वप्न लहान झालं, पण माझ्या मते जास्त खरं झालं. पाच टक्के मिश्रणात तेलाचा हट्टी स्वभाव बराचसा झाकला जातो. शंभर टक्के बायोडिझेल टाकीत ओतणं ही वेगळी गोष्ट.

ज्यांच्याकडे खरी थंडी पडते ते काय करतात, तेही पाहू. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० पर्यंत जातो. तिथं ड्रायव्हर लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावत आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या कारखान्यात तयार झालेलं हे डिझेल शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहतं. अमेरिकेत मिनेसोटा नावाचं कडाक्याच्या थंडीचं राज्य आहे. तिथल्या कायद्यानं डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळणं सक्तीचं आहे. पण २०१८ पासून तिथला नियमही ऋतू पाहून चालतो. उन्हाळ्याच्या महिन्यांत वीस टक्के आणि हिवाळ्यात फक्त पाच. मला ही गोष्ट फार आवडली. कायदा करणाऱ्यांनी तेलाचा स्वभाव ओळखला. तेलाला शिव्या दिल्या नाहीत, आणि त्याच्याकडून अशक्य ते मागितलंही नाही.

आपल्याकडे लडाख नाही. पण कडाक्याच्या थंडीच्या रात्री हिवाळ्यात येतात, आणि नेमकी अडचणीची गाडी रात्रीच निघते. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

बायोडिझेल घ्यायचं तर विचारून घ्या. कशापासून केलं, किती टक्के, किती अंशांपर्यंत वाहतं, आणि पावती कुठे आहे? उत्तर नसेल तर स्वस्त असलं तरी नको. थंडीच्या महिन्यांत तर अजिबात नको.

घरी एक परीक्षा करता येते. तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत भरा, बूच लावा आणि रात्रभर अंगणात ठेवा. पहाटे उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर ठीक. धुरकट झालं, तळाशी पांढरं बसलं, तर ते तेल त्या थंडीचं नाही.

ऑक्टोबरचं उरलेलं डिझेल थंडी पडण्याआधी वापरून टाका, किंवा त्यात नोव्हेंबरनंतरचं ताजं डिझेल भरपूर मिसळा. मिसळायचं ते दुपारी, तेल पातळ असताना. तेल वाहतं ठेवणारी औषधंही बाजारात मिळतात. ती मेणाचे कण मोठे होऊ देत नाहीत. पण तीही थिजण्याआधी घालायची. लगदा झाल्यावर औषध ओतून तो विरघळत नाही, त्याला ऊबच लागते.

टाकी रात्री रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प थंडीत पाणी होऊन तळाशी बसतं. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट अधूनमधून सोडून पाणी काढा. गाडी भिंतीच्या आडोशाला किंवा गोठ्यात उभी करा.

गाडी अडलीच तर स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी जाईल आणि मग दोन दुखणी होतील. फिल्टर गरम पाण्याच्या फडक्यानं शेका, जमल्यास बदला. डिझेलच्या पंपावर मात्र उकळतं पाणी ओतू नका. आणि टाकीखाली जाळ कधीही करू नका. माझे एक चाचा बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबूचे ट्रक चालवायचे. एटापल्लीकडच्या जंगलात थंडीच्या पहाटे ट्रकच्या टाकीखाली पेटती चिंधी धरणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते. त्यातल्या एकाचे दोन्ही हात भाजले. चाचा म्हणायचे, “घंटाभर ऊन की राह देखना, हाथ गंवाने से सस्ता है.”

रॉकेल मिसळण्याचा जुना उपायही आता विसरा. रेशनचं रॉकेल गाडीत घालणं गुन्हा आहेच. शिवाय एप्रिल २०२० पासून येणाऱ्या बीएस-६ गाड्यांची इंजिनं नाजूक आहेत. रॉकेलात वंगण कमी, त्यानं त्यांचे महागडे पंप आणि नोझल खराब होतात.

श्रोतेहो, या गोष्टीतून बायोडिझेलवर राग धरावा असं मला वाटत नाही. करंज आपला, मोह आपला. तळणीचं तेल गटारात जाण्यापेक्षा किंवा पुन्हा पुन्हा तळून माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा गाडीत जळलं तर चांगलंच आहे. माझं मागणं एवढंच की विकणाऱ्यानं तेलाचा स्वभाव सांगून विकावं आणि घेणाऱ्यानं विचारून घ्यावं. त्या रात्री आमचा सव्वा तास थंडीनं खाल्ला असं लोक म्हणतात. मी म्हणतो, तो न विचारलेल्या एका प्रश्नानं खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात सोबत्याच्या घरी गेलो होतो. चुलीच्या कडेला टोळीच्या तेलाची बाटली ठेवलेली होती. ती पोरगी तिच्याजवळ बसून वाट पाहत होती. मी विचारलं, “कशाची वाट पाहतेस?” ती म्हणाली, “आजी म्हणते, पातळ होऊ दे. मग पायाला लावते.” मायनं बाटली उचलली, उजेडाकडे धरली. अजून पांढरी होती. तिनं ती परत चुलीजवळ ठेवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)